बेंजामिन रश नावाचा डॉक्टर : नक्की कुठल्या बाजूचा?

गॅलरीतला_चहा :

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या डॉ. बेंजामिन रशने तेव्हाच इशारा देऊन ठेवला होता, राज्यघटनेत उपचार निवडायचं स्वातंत्र्य लिहून घेतलं नाही तर एक दिवस डॉक्टर लोकांची हुकूमशाही येणार. खाली अर्थातच कुठल्यातरी काढ्याची जाहिरात. म्हटलं हा रश कोण ते तरी बघू, म्हणून शोधायला बसलो आणि डोकं गरगरलं. एकीकडे अमेरिकेतल्या मानसोपचाराचा जनक, गुलामगिरीच्या विरोधात लिहिणारा, गरिबांसाठी फुकट दवाखाना काढणारा. दुसरीकडे पिवळ्या तापाच्या साथीत लोकांचं मापाबाहेर रक्त काढणारा आणि वर पारा चारणारा. आणि त्यात काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या वसाहतींच्या प्रतिनिधीसभेत, निवडून पण गेलेला. एकाच माणसाबद्दल चाललंय ना हे?

तर प्रश्न असे, की ते वाक्य खरंच त्याचं आहे का, चांगली प्रॅक्टिस चालू असताना त्या काळी डॉक्टर माणूस राजकारणात का पडायचा, आणि त्याच्या औषधाने माणसं बरी होत होती का मरत होती. माझं अमेरिकेच्या इतिहासाचं ज्ञान वॉशिंग्टन आणि चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या इथपर्यंतच आहे, तेव्हा जरा विस्ताराने लिहा.

जुना_कट्टेकरी :

आधी फॉरवर्डचा निकाल लावू. ते वाक्य रशच्या छापील लेखांत नाही, पत्रांत नाही, आत्मचरित्रातही नाही. आणि हा काही कमी लिहिणारा माणूस नव्हता, त्याच्या पत्रांचेच जाडजूड खंड आहेत. कुणीतरी फार नंतर त्याच्या नावावर खपवलेलं ते. शिवाय माणसाचा स्वभाव माहीत असेल तर हसूच येतं, कारण शहरातल्या प्रत्येकाने माझंच औषध घ्यावं आणि बाकीच्या डॉक्टरांनी पण तेच द्यावं म्हणून पेपरात पत्रं छापणारा गृहस्थ हा.

आता माणूस. जन्म जानेवारी १७४६, फिलाडेल्फियाजवळ बायबेरी नावाच्या गावात. वडील शेती करायचे आणि बंदुका बनवायचे, पोरगा पाच वर्षांचा असताना गेले, आईने शहरात दुकान चालवून मुलं वाढवली. पोरगं हुशार, १७६० ला म्हणजे चौदाव्या वर्षी बीए, ज्याला आपण आज प्रिन्स्टन म्हणतो तिथून. मग डॉ. जॉन रेडमन यांच्याकडे पाचेक वर्षं उमेदवारी, कारण तेव्हा डॉक्टर असाच व्हायचा, बाटल्या धुवायच्या, गोळ्या वळायच्या, गुरूच्या मागे पेशंटच्या घरी जायचं. त्यानंतर एडिंबरा. तिथे १७६८ ला एमडी, प्रबंध लॅटिनमध्ये, विषय पोटात अन्नाचं काय होतं हा, आणि त्यासाठी पठ्ठ्याने स्वतःच जेवून, ओकारीचं औषध घेऊन, बाहेर आलेलं तपासलं. हे सांगायचं कारण, स्वतःवर प्रयोग करायला हा कधीच मागे हटला नाही, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

राजकारणाचं बी पण एडिंबरातच पडलं. एका सहविद्यार्थ्याशी वाद घालता घालता राजाला देवाने नेमलेलं असतं यावरचा आपला विश्वास उडाला असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. १७६९ ला परत आला तो तेविसाव्या वर्षी रसायनशास्त्राचा प्रोफेसर, तिकडच्या सगळ्या वसाहतींमधला पहिलाच. १७७३ ला गुलामगिरीच्या विरोधात पत्रक काढलं आणि त्याने प्रॅक्टिसला फटका बसला, कारण पैसेवाले पेशंट बरेचसे गुलाम बाळगणारे. इथे शहाणपण आलं. म्हणून १७७५ मध्ये इंग्लंडपासून तुटून निघा असं जाहीर लिहायची वेळ आली तेव्हा त्याने स्वतः नाही लिहिलं, इंग्लंडहून नुकताच आलेला टॉमस पेन त्याला पुस्तकाच्या दुकानात भेटला होता, त्याला पुढे केलं. तुला इथे गमवायला काही नाही, तू लिही. मसुदा वाचून दाखवायला पेन त्याच्या घरी यायचा, आणि त्या पत्रकाचं ‘कॉमन सेन्स’ हे नाव पण रशनेच सुचवलेलं. जानेवारी १७७६ ला ते आलं आणि वणवा पेटला. त्याच महिन्यात रशचं लग्न, ज्युलिया स्टॉकटनशी. सासरे आणि जावई दोघांच्या सह्या जाहीरनाम्यावर आहेत.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, तो पडला नाही, आधी दुसऱ्याला ढकललं आणि मग काठावर उभं राहवेना.

सहीचा किस्सा पण सांगतो. ४ जुलैला जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा हा काँग्रेसमध्ये नव्हताच. पेनसिल्व्हेनियाचे काही जुने प्रतिनिधी स्वातंत्र्याला तयार नव्हते म्हणून २० जुलैला नवे निवडले, त्यात हा, आणि २ ऑगस्टला सगळ्यांबरोबर सही. वय तीस. त्या दिवशी सभागृहात कशी स्मशानशांतता होती, एकेकाचं नाव पुकारलं की तो उठून टेबलापाशी जात होता, हे त्याने पुढे जॉन अ‍ॅडम्सला पत्रात लिहिलं. आणि त्या शांततेत व्हर्जिनियाचा धिप्पाड बेंजामिन हॅरिसन काटकुळ्या एल्ब्रिज गेरीला म्हणतो, आपल्याला फासावर देतील तेव्हा माझं बरं आहे, मी वजनाने दोन मिनिटांत जाईन, तू मात्र तास-दोन तास हवेत नाचत राहशील. क्षणभर हशा, पुन्हा शांतता.

वर्षाच्या आत हा बाहेर. राज्याची नवी घटना त्याला पसंत नव्हती, एकच सभागृह आणि सगळी सत्ता त्याच्याच हातात म्हणजे झुंडशाही असं जाहीर बोलायला लागला, १७७७ ला परत निवडलंच नाही. खुर्चीवरचं राजकारण म्हणाल तर एवढंच.

वाट_चुकलेला :

+१ कट्टेकरी. पण वॉशिंग्टनवाला किस्सा गाळलात की, असली मजा तर तिथे आहे.

काँग्रेसमधून सुटल्यावर एप्रिल १७७७ पासून हा सैन्याच्या दवाखान्यांवर. तिथली परिस्थिती भयंकर, गोळी लागून मरणारे कमी आणि दवाखान्यात येऊन टायफसने मरणारे जास्त. रशने सैनिकांची तब्येत कशी राखावी यावर एक छोटं पत्रक काढलं, केस बारीक ठेवा, अंग धुवा, कपडे बदला, भाज्या खा, दारू कमी. आज वाचलं तरी नाव ठेवायला जागा नाही. मग त्याच्या लक्षात आलं की वरचा साहेब डॉ. विल्यम शिपेन आजाऱ्यांसाठी आलेली वाइन आणि सामान बाहेर विकतोय, त्याने थेट वॉशिंग्टनकडे आणि काँग्रेसकडे तक्रार केली. काँग्रेसने शिपेनची बाजू घेतली, जानेवारी १७७८ ला रशचा राजीनामा. इथपर्यंत बिचारा बरोबर.

पण त्याच जानेवारीत, १२ तारखेला, याने व्हर्जिनियाचा गव्हर्नर पॅट्रिक हेन्री याला एक निनावी पत्र पाठवलं, की सैन्याची वाट लागलीय, आपल्याला वॉशिंग्टनपेक्षा दुसरा कुणी सेनापती हवा. वर तळटीप, की अक्षरावरून कोण ते कळलं तर नाव घेऊ नका, पत्र जाळून टाका. हेन्रीने पत्र जसंच्या तसं वॉशिंग्टनकडे रवाना केलं. आणि वॉशिंग्टनने अक्षर ओळखलं. संपलं.

नाव लपवायचं तर निदान दुसऱ्याकडून तरी लिहून घ्यायचं ना, पेनला पुढे करायची अक्कल इथे कुठे गेली काय माहीत.

फिलीकरीण :

मी फिलाडेल्फियापासून तासाभराच्या अंतरावर राहते, पाहुणे आले की त्यांना घेऊन गावात जावंच लागतं, त्यामुळे या माणसाच्या कबरीवरून बऱ्याचदा गेलेय. क्राइस्ट चर्चचं कब्रस्तान, पाचवा रस्ता आणि आर्च स्ट्रीटचा कोपरा. सगळी गर्दी फ्रँकलिनच्या दगडावर नाणी टाकायला, रशकडे कुणी बघत नाही.

१७९३ बद्दल लिहिते, कारण चहा यांचा तिसरा प्रश्न तिथेच सुटेल. तेव्हा फिलाडेल्फिया ही देशाची राजधानी, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. कॅरिबियनमधल्या सँ-दोमांग, म्हणजे आजचं हैती, तिथे गुलामांचं बंड पेटलेलं, तिथून पळालेल्या फ्रेंच लोकांची जहाजं भराभर इथे लागत होती. ऑगस्टमध्ये नदीकाठच्या वस्तीत लोक पटापट मरायला लागले, ताप, अंग पिवळं, काळी उलटी, चार-पाच दिवसांत खेळ खलास. १९ ऑगस्टला रशने जाहीर केलं की हा पिवळा ताप आहे. सुरुवातीला बाकीचे डॉक्टर मानायला तयार नव्हते, तो बरोबर होता. कारण मात्र त्याने धक्क्यावर टाकून दिलेल्या सडक्या कॉफीच्या ढिगाऱ्यात शोधलं, की त्याची दुर्गंधी हवेत पसरली आणि त्याने ताप आला. आणि गंमत बघा, त्या वर्षी डास भयंकर झाले होते हे त्यानेच आपल्या नोंदींत लिहून ठेवलंय. कागदावर उत्तर समोर होतं. डासाचा संशय क्युबाचा कार्लोस फिनले यांनी १८८१ ला बोलून दाखवला आणि सिद्ध व्हायला १९०० उजाडलं.

शहर रिकामं झालं. कमीतकमी सतरा हजार लोक पळाले, वॉशिंग्टन १० सप्टेंबरला घरी माउंट व्हर्ननला गेले. चर्चच्या मर्तिकाच्या घंटा बंद करायला लागल्या, कारण त्या थांबतच नव्हत्या आणि ऐकून आजारी माणसं खचत होती. लोक व्हिनेगरचा बोळा नाकाला लावून रस्त्याच्या मधोमध चालायचे, हस्तांदोलन बंद. नोव्हेंबरात थंडी कडाडली, डास मेले, साथ गेली, तोवर साधारण पाच हजार माणसं गेलेली. दहातलं एक.

आणि रश पळाला नाही. हे कुणी काही म्हणो, मला मोठं वाटतं. बायकामुलांना बाहेर पाठवलं आणि स्वतः राहिला, दिवसाला शंभराच्या वर पेशंट बघत होता, जेवताना पण तपासत होता. त्याच्याकडचे तीन शिकाऊ विद्यार्थी मेले, सख्खी बहीण त्याच घरात मेली, त्याला स्वतःलाही ताप आला तेव्हा स्वतःचं रक्त काढून घेतलं आणि पुन्हा उभा राहिला.

आता वाईट भाग. त्याचं औषध म्हणजे १० ग्रेन कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, आणि १० ग्रेन जालप नावाच्या मेक्सिकोतल्या मुळीचा जुलाब, पुढे जालप १५ ग्रेन केला, आणि दिवसातून दोन-तीनदा. त्याच्या जोडीला शीर तोडून रक्त काढायचं, आणि फरक पडला नाही तर अजून काढायचं. पेशंट इतके की पेपरात छापून कृतीच जाहीर केली, घरोघरी लोक आपलं आपण करायला लागले.

दुसऱ्या बाजूला अलेक्झांडर हॅमिल्टन, तेव्हाचा अर्थमंत्री, त्याला आणि बायकोला ताप आला. त्यांचा डॉक्टर एडवर्ड स्टीव्हन्स कॅरिबियनमध्ये वाढलेला, त्याने सिंकोनाची साल (जिच्यातून क्विनीन निघतं ती), वाइन आणि गार पाण्याची आंघोळ असा साधा उपचार केला, दोघं वाचले. हॅमिल्टनने ताबडतोब पेपरात पत्र छापलं, माझ्या डॉक्टरचं ऐका. रश जेफरसनच्या गोटातला, हॅमिल्टन विरुद्ध गोटातला. मग काय, साल आणि वाइन घेतली तर तुम्ही फेडरलिस्ट, रक्त काढलं तर रिपब्लिकन. लोक तापाने मरतायत आणि औषधाला पार्टीचा झेंडा.

गॅलरीतला_चहा :

अरे देवा. ताई, जबरदस्त लिहिलंत. पण मग लोक त्याच्याकडे जायचेच का? शेजारचा रक्त काढून मेला हे दिसत नव्हतं का?

तालुक्याचा_डॉक्टर :

याचं उत्तर देतो, दवाखाना चालवतो म्हणून जरा अधिकाराने.

एक म्हणजे पिवळ्या तापात रक्त काढलं नाही, औषध दिलं नाही, नुसतं पाणी पाजत बसलात तरी बरेच पेशंट आपोआप बरे होतात. त्यात त्या साथीत साधा ताप, हिवताप, घाबरून आलेला ताप, सगळ्यांना रश पिवळा तापच म्हणत होता. ते सगळे बरे झाले की यश त्याच्या खात्यावर. मेला तो उशिरा आला किंवा त्याचं पुरेसं रक्त काढलं नव्हतं. असा हिशेब मांडला की कुणीच कधी हरत नाही. बरं हे तो लबाडीने करत नव्हता, त्याला मनापासून तसं दिसत होतं, आणि माझ्या मते तेच जास्त घातक.

दुसरं त्याची थिअरी. एडिंबरात त्याचे गुरू विल्यम कलन, त्यांनी रोगांची लांबलचक वर्गवारी केलेली. रशने ती सगळी मोडीत काढली, म्हणाला जगात ताप एकच आहे, बाकी त्याचीच रूपं, आणि त्याचं कारण रक्तवाहिन्यांना येणारा ताण. ताण आहे ना, मग रक्त काढा, ताण उतरेल. वर गणितात खोट. माणसाच्या अंगात पंचवीस पौंड रक्त असतं असं तो धरून चालायचा आणि त्यातलं पाचातलं चार भाग काढलं तरी चालेल म्हणायचा. प्रत्यक्षात मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटर, म्हणजे दहा-बारा पौंड. पेशंट चक्कर येऊन पांढराफटक पडला, नाडी मऊ लागली, की याला वाटायचं ताप उतरला. अहो शॉकमध्ये गेला तो!

कॅलोमेलबद्दल, आपल्याकडे रसशास्त्रात रसकापूर म्हणतात तो साधारण त्याच कुळातला. एक ग्रेन म्हणजे जवळपास ६५ मिलिग्रॅम, तेव्हा दहा ग्रेन म्हणजे साडेसहाशे, ते दिवसातून दोन-तीनदा. लाळ गळायला लागायची, हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. आणि तोंडातून लाळ गळणं हीच औषध लागू पडल्याची खूण मानायचे.

आता माझं मत. लोक म्हणतात राजकारणात बरोबर आणि वैद्यकीत चूक असा दुभंगलेला माणूस. मला तो अजिबात दुभंगलेला वाटत नाही. राजा नको म्हणजे नको, गुलामगिरी नको म्हणजे नको, दारू वाईट म्हणजे वाईट, फाशीची शिक्षा बंद म्हणजे बंद, आणि ताप एक म्हणजे एक. प्रत्येक वेळी एक कारण, एक उपाय, आणि विरोध झाला की आवाज अजून मोठा. पहिल्या चार ठिकाणी ही सवय कामाला आली. पाचव्या ठिकाणी समोर पेशंट होता.

वाट_चुकलेला :

डॉक्टर, शेवटचा पॅरा कडक. यात कॉबेटची भर घालतो. विल्यम कॉबेट हा इंग्रज पत्रकार तेव्हा फिलाडेल्फियात ‘पॉर्क्युपाइन’ म्हणजे साळिंदर नावाने पेपर चालवायचा, काटे टोचणं हाच धंदा. १७९७ ला परत साथ आली तेव्हा त्याने शहराचे रोजच्या मृत्यूंचे आकडे घेऊन दाखवलं की रशची पद्धत जाहीर झाल्यावर मरणारे कमी झाले नाहीत, वाढले. सोबत अर्थात घाण घाण शिव्या. रशने बदनामीची केस टाकली, दोन वर्षं चालली, आणि ज्यूरीने कॉबेटला ५,००० डॉलरचा दंड ठोकला. तारीख १४ डिसेंबर १७९९.

त्याच दिवशी तिकडे माउंट व्हर्ननला जॉर्ज वॉशिंग्टन वारले. घसा सुजला होता, आणि दिवसभरात डॉक्टरांनी चार वेळा रक्त काढलं होतं. रशचा तिथे संबंध नव्हता, पण पद्धत सगळीकडे तीच होती. कॉबेट हे सोडतोय होय, त्याने लगेच छापलं.

ओसरीवरची :

सगळे मिळून त्या माणसाला सोलताय, म्हणून दुसरी बाजू मांडते.

१७८६ ला फिलाडेल्फियात गरिबांसाठी फुकट दवाखाना निघाला त्यात हा पुढे होता. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात तेव्हा वेडे ठरवलेल्या लोकांना तळघरात, गवतावर, साखळीने बांधून ठेवायचे, थंडीत शेगडी नाही, आणि बाहेरचे लोक पैसे देऊन त्यांना बघायला यायचे. रशने संचालकांच्या डोक्याशी कटकट करून करून वेगळा वॉर्ड, शेकोटी, अंघोळ, हाताला काम आणि बोलायला माणूस एवढं मिळवलं. वेड हा शाप नाही, पाप नाही, आजार आहे, हे तिकडे ठामपणे लिहिणारा पहिल्या काहींतला तो. १८१२ ला त्याने मनाच्या आजारांवर मोठं पुस्तक काढलं ते कित्येक वर्षं तिकडे शिकवत होते. तुम्ही लगेच ती खुर्ची काढणार, हातपाय पट्ट्याने बांधून डोक्यावर लाकडी खोकं घालायची ती, म्हणून मीच काढते. हो, ती त्याचीच. साखळी आणि चाबकापेक्षा ही माणुसकीची असं त्याला वाटायचं. आज बघवत नाही.

आणि हे त्याच्या घरातच आलं होतं. थोरला मुलगा जॉन आरमारात, न्यू ऑर्लिन्सला १८०७ मध्ये द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून मित्रच मेला, पुढे त्याचं डोकं फिरलं. १८१० ला बापाने त्याला स्वतःच्याच हॉस्पिटलात दाखल करून घेतलं. बाप गेल्यावर पण तो तिथेच राहिला, १८३७ पर्यंत. असा मुलगा वरच्या वॉर्डात असताना बाप ते पुस्तक लिहीत होता, हे डोक्यात ठेवून मग त्याला नावं ठेवा.

फिलीकरीण :

ओसरीताई, मानसोपचाराचं सगळं मान्य. पण गुलामगिरीबद्दल मी एवढी सढळ हाताने मार्क नाही देणार. १७७३ ला पत्रक लिहिणाऱ्या या माणसाच्या घरात नंतर विल्यम ग्रबर नावाचा गुलाम होता. त्याला मोकळं करण्याचा कागद १७८८ ला केला, तोही अमुक वर्षांनी मोकळा होईल अशा बोलीवर, आणि प्रत्यक्षात सुटायला १७९४ उजाडलं. म्हणजे पत्रकात एकीकडे आणि घरात दुसरीकडे. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संघटनेचा हा अध्यक्ष पण झाला.

आणि १७९३ चंच बघा. त्याने अ‍ॅब्सलम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन या काळ्या पुढाऱ्यांना विनंती केली की तुमच्या लोकांना हा ताप होत नाही, तर सेवेला या. ते आले, शेकडो घरांत गेले, मेलेल्यांना उचललं, पुरलं, रशने शिकवल्यावर आठशेच्या वर लोकांचं रक्त पण काढलं. आणि ताप त्यांनाही झाला, त्यांची माणसं पण गेली. साथ संपल्यावर मॅथ्यू केरी नावाच्या प्रकाशकाने छापलं की काळ्या नर्सनी लोकांना लुबाडलं. त्यावर १७९४ च्या जानेवारीत या दोघांनी पत्रक काढून हिशेबच मांडला, शवपेट्यांना किती गेले, मजुरांना किती दिले, हातात आले त्यापेक्षा खर्च कसा जास्त झाला. तुम्हाला या साथीवर एकच काही वाचायचं असेल तर रशचं पुस्तक राहू द्या, ते पत्रक वाचा. छोटं आहे, नेटवर मिळतं. केरी तर साथ चालू असतानाच शहर सोडून गेला होता, तेही त्यांनी त्यात न विसरता लिहिलंय :)

रविवारची_भाजी :

अवांतर: त्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉक्टर अजून होते ना? क्विझसाठी विचारतेय.

जुना_कट्टेकरी :

होते की. न्यू हॅम्पशायरचे जोसाया बार्टलेट आणि मॅथ्यू थॉर्नटन, जॉर्जियाचे लायमन हॉल, आणि रश. हॉल तर आधी पाद्री होते, मग डॉक्टर, मग राजकारण, पुढे जॉर्जियाचे गव्हर्नर.

बार्टलेटचं सांगायलाच हवं, कारण रशच्या बरोबर उलटा माणूस. तरुणपणी त्याला मोठा ताप आला, डॉक्टरांनी खोली बंद, खिडक्या बंद, गार काही द्यायचं नाही असा त्या काळचा नेम लावलेला. मरणारच आहोत तर निदान तहान भागवून मरू म्हणून त्याने गार सफरचंदाची सायडर मागून घोटघोट प्यायली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ताप उतरला. तिथपासून पेशंटला काय होतंय ते बघायचं आणि त्याप्रमाणे वागायचं, गुरू काय म्हणाले ते नंतर, अशी त्याची रीत. सिंकोना भरपूर वापरायचा. काँग्रेसमध्ये मतं उत्तरेकडच्या राज्यापासून घ्यायचे म्हणून स्वातंत्र्याच्या बाजूने पहिलं मत त्याचं पडलं. पुढे राज्याचा गव्हर्नर. एवढं करून त्याचं नाव कुणाला माहीत नाही, कारण त्याने कुणाशी भांडण केलं नाही.

आणि सही न करता गेलेला बॉस्टनचा जोसेफ वॉरन. देवीच्या साथीत लोकांना टोचणारा डॉक्टर, १८ एप्रिल १७७५ च्या रात्री इंग्रज सैन्य निघालंय हा इशारा द्यायला पॉल रिव्हिअरला घोड्यावर पिटाळलं ते यानेच. १७ जूनला बंकर हिलच्या लढाईत पडला, तेव्हा मेजर जनरल नेमला गेला होता तरी साध्या सैनिकासारखा बंदूक घेऊन उभा राहिला. इंग्रजांनी खड्ड्यात पुरलं. महिने उलटून गेल्यावर उकरलं तेव्हा पॉल रिव्हिअरने ओळख पटवली, कारण तो चांदीकाम करता करता दातांचं पण काम करायचा आणि वॉरनला कृत्रिम दात तारेने त्यानेच बसवून दिलेला.

तालुक्याचा_डॉक्टर :

दातावरून ओळख, वा. फोरेन्सिकच्या लेक्चरला वापरतो हे.

रशचं राजकारणातलं शेवटचं चांगलं काम कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जॉन अ‍ॅडम्स आणि जेफरसन, दोघेही माजी अध्यक्ष, १८०० च्या निवडणुकीनंतर तोंड बघत नव्हते. रश दोघांचाही मित्र, आणि अ‍ॅडम्सने त्याला १७९७ पासून टांकसाळीच्या खजिनदाराची नोकरी पण दिलेली, ती त्याने मरेपर्यंत केली. तर १८०९ ला रशने अ‍ॅडम्सला पत्र लिहिलं की मला स्वप्न पडलं, त्यात माझा मुलगा पुढे लिहिला जाणार असलेला देशाचा इतिहास वाचतोय आणि त्यात तुम्ही जेफरसनला पत्र पाठवून दोस्ती पुन्हा सुरू केल्याचं लिहिलंय. स्वप्न खरं का रचलेलं कोण जाणे, मला तर रचलेलंच वाटतं. दोन वर्षं दोन्हीकडे टोचत राहिला आणि १ जानेवारी १८१२ ला अ‍ॅडम्सने खरंच पत्र टाकलं. पुढची चौदा वर्षं दोघे म्हातारे लिहीत राहिले. आणि त्या स्वप्नात दोघे जवळपास एकाच वेळी गेले असंही होतं. दोघे एकाच दिवशी गेले, ४ जुलै १८२६. रश स्वतः त्याआधीच, एप्रिल १८१३ ला, आणि शेवटच्या दुखण्यातही रक्त काढायला सांगूनच.

वाट_चुकलेला :

आणि अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला गेलेल्या लुईस-क्लार्कच्या मोहिमेत याच्या गोळ्यांचा पारा सापडला म्हणतात ते खरं का थापा?

फिलीकरीण :

खरं. १८०३ ला जेफरसनने लुईसला निघायच्या आधी रशकडे धाडलं होतं, आरोग्याचे सल्ले घ्यायला. सोबत पन्नास डझन गोळ्या घेतल्या, रशच्याच कृतीच्या, कॅलोमेल आणि जालप. माणसं त्यांना वज्राच्या गोळ्या म्हणायची, कारण घेतली की धावतच सुटायला लागायचं. कसलंही दुखणं आलं की गोळी.

२००२ मध्ये माँटानात लोलो गावाजवळ ट्रॅव्हलर्स रेस्ट नावाच्या जागी पुरातत्त्ववाल्यांनी खोदलं. छावणीत चूल कुठे आणि शौचाचा चर तिथून किती लांब याचे सैन्यात ठरलेले नियम होते, त्या अंदाजाने चर शोधला आणि त्या मातीत पाऱ्याचा अंश मिळाला. आजूबाजूच्या मातीत तसा नव्हता. कॅलोमेल आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही, बरंचसं जसं जातं तसं बाहेर पडतं. डॉक्टर, बरोबर ना?

तालुक्याचा_डॉक्टर :

बरोबर. शोषलं गेलं असतं तर मोहीम परत आली नसती.